जोडीच्या तारांमधला हेलकावा



मी तंबोरा घेऊन व्यासपीठावर आलो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर थोडी काळजी दिसली. घाबरू नका, मी गाणार नाही. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे ज्यांना आपण जोडी म्हणतो त्या, दोन्ही एकाच षड्जात लावायच्या असतात. त्यातली एक मी घरूनच केसभर उतरवून आणली आहे. आता दोन्ही लागोपाठ छेडतो. ऐका.

सभागृहात जे ऐकू आले ते छापील पानावर ऐकू येणार नाही, म्हणून वाचकांसाठी शब्दांत सांगतो. दोन वेगळे सूर कोणालाच ऐकू आले नाहीत. सूर एकच होता, पण तो स्थिर नव्हता. तो फुगत होता, ओसरत होता, पुन्हा फुगत होता, आणि हे सगळे एका बांधलेल्या लयीत चालले होते. सेकंदाला साधारण तीन हेलकावे. मी खुंटी किंचित पिळली, तशी ती लय संथ झाली. मणी थोडा सरकवला, तशी आणखी संथ झाली, आणि शेवटी हेलकावा थांबला. त्या क्षणी सभागृहातल्या कित्येकांच्या तोंडून आपोआप "हां" निघाले. त्या "हां"चा अर्थ काय, एवढाच माझा आजचा विषय आहे.

हा विषय मी का निवडला तेही सांगून टाकतो. लहानपणी मला एका गायनवर्गात घातले होते. तिथे दुसऱ्याच महिन्यात "याला कान नाही" असा निकाल लागला आणि आमचे गाणे संपले. पुढे भौतिकशास्त्र शिकलो, शिकवू लागलो. प्रयोगशाळेत एकदा दोन नादकाटे वाजवून विद्यार्थ्यांना हेलकावे मोजायला लावत होतो, तेव्हा ध्यानात आले की तंबोरा लावताना गुरुजी जे ऐकायला सांगत होते ते हेच. मला ते तेव्हाही ऐकू येत होते. फक्त ऐकायचे काय, ते कोणी सांगितले नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. गणपतीच्या आरतीत दोघेजण शेजारी उभे राहून टाळ वाजवत आहेत असे समजा. एकाचे मिनिटाला साठ ठोके पडतात, दुसऱ्याचे बासष्ट. सुरुवातीला दोघांचे टाळ एकदम पडले. मग दुसरा हळूहळू पुढे सरकू लागतो. पाव मिनिटाने तो अर्ध्या ठोक्याने पुढे गेलेला असतो, म्हणजे एकाचा टाळ बरोबर दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो. अर्धे मिनिट झाले की तो एक पूर्ण ठोका पुढे गेलेला असतो आणि दोघे पुन्हा एकदम वाजवू लागतात. मिनिटात असे दोनदा जमते. बासष्टातून साठ वजा केले की दोन. सगळे गणित एवढेच आहे.

तारांच्या बाबतीत ठोक्यांच्या जागी कंप येतात. तार कापते, तेव्हा ती भोवतालची हवा आळीपाळीने दाबते आणि विरळ करते. एक तार सेकंदाला २४० वेळा कापत आहे आणि दुसरी २३७ वेळा, असे धरा. दोन्ही तारांचे दाब कानावर एकाच वेळी आले की त्यांची बेरीज होते आणि आवाज मोठा होतो. एकीचा दाब आणि दुसरीची विरळता एकाच वेळी आली की ती एकमेकींना खोडतात आणि आवाज बसतो. सेकंदाच्या एक-षष्ठांशात पहिली तार दुसरीपेक्षा अर्ध्या कंपाने पुढे जाते, तेव्हा आवाज बसलेला असतो. एक-तृतीयांशात ती पूर्ण कंपाने पुढे जाते, तेव्हा पुन्हा भरती येते. म्हणून सेकंदाला तीन हेलकावे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना विस्पंद म्हणतात. हेलकाव्यांची संख्या म्हणजे दोन कंपनसंख्यांमधला फरक, त्यात कमीजास्त काही नाही.

इथे एक शंका हमखास येते. आवाज बसतो त्या क्षणी त्याची ऊर्जा जाते कुठे? ती कुठेही नाहीशी होत नाही. दोन सारखे आवाज एका चालीत आले की कंपाचा विस्तार दुप्पट होतो, आणि ऊर्जा विस्ताराच्या वर्गावर ठरत असल्याने ती दुप्पट न होता चौपट होते. विरुद्ध चालीत आले की शून्य. चार आणि शून्य यांची सरासरी दोन, म्हणजे दोन्ही तारांची मिळून जेवढी असायला हवी तेवढीच. ओहोटीत जे गेले ते भरतीत परत आलेले असते.

आता तंबोरा लावण्याकडे या. ज्याला हे हेलकावे ऐकू येतात त्याच्या हातात एक मोजपट्टी आली. दोन तारांमध्ये किती अंतर आहे ते हेलकाव्यांची गती सांगते. पण कोणती तार चढी आहे आणि कोणती उतरी, हे मात्र ती सांगत नाही. २३७ आणि २४० यांचेही तीनच हेलकावे, २४३ आणि २४० यांचेही तीनच. यावर उपाय सोपा आहे. खुंटी थोडी फिरवा. हेलकावे संथ झाले तर बरोबर चालला आहात, घाई वाढली तर उलटे फिरा. यासाठी जन्मजात स्वरज्ञान लागत नाही. लय ओळखता आली की पुरे.

दुसरी अडचण वेळेची. अंतर अर्ध्या कंपाचे राहिले की एक हेलकावा पुरा व्हायला दोन सेकंद लागतात, आणि पाव कंपाचे राहिले की चार. तोवर तारेचा आवाज टिकला पाहिजे आणि ऐकणाराही थांबला पाहिजे. नवशिका तार छेडतो आणि सेकंदाच्या आत खुंटीला हात घालतो, म्हणून त्याचा तंबोरा कधी नीट लागत नाही. "छेड आणि गप्प ऐक" असे जाणती माणसे सांगतात, ते निव्वळ शिस्तीसाठी नसते. जितकी बारीक मोजणी हवी तितका जास्त वेळ द्यावा लागतो, हा निसर्गाचाच नियम आहे, आणि प्रयोगशाळेतले महागडे यंत्रही त्यातून सुटत नाही.

पण तारेची एक कृपा आहे, ती इथे कामाला येते. तार कापते तेव्हा ती एकटा मूळ स्वर देत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंपांचे स्वरही तिच्यात असतात. जोडीची एक तार २४० वर आणि दुसरी २३९.५ वर असेल, तर मूळ स्वरांचा हेलकावा दोन सेकंदांना एक, म्हणजे सहज निसटेल असा. पण दोन्ही तारांचे सहावे स्वरांश बघा. एकाचे १४४०, दुसऱ्याचे १४३७. त्यांच्यात सेकंदाला तीन हेलकावे पडतात. म्हणजे वरच्या स्वरांशांकडे कान दिला तर तीच चूक सहापट मोठी होऊन ऐकू येते. भिंगाखाली अक्षर मोठे दिसावे तसे.

आणि तंबोऱ्यात हे वरचे स्वरांश ठळक का असतात? जवारीमुळे. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्या कडेवर टेकत नाही, तिच्या पाठीवर घासत, लागत-सुटत कापते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण ही घसट हवी तिथे आणतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तो ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल तो स्वरांश उमटू नये, असा जुना नियम आहे. आपल्या या वाद्यांत मात्र तसे स्वरांशही जोरकसपणे उमटतात, हे त्यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या बाकात शोधले. ज्या कारागिरांनी ही घोडी घडवली त्यांच्यापाशी हे समीकरण नव्हते. पण जवारी खुलली की तंबोरा गोडही वाजतो आणि अचूक लावताही येतो, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

पंचमाची तार याच रीतीने लागते. जोडी २४० वर असेल तर मंद्र पंचम १८० वर हवा. २४० आणि १८० या मूळ स्वरांत हेलकावा ऐकू येणार नाही, ते फार दूर आहेत. पण जोडीचा तिसरा स्वरांश ७२० आणि पंचमाचा चौथा स्वरांशही ७२०. पंचम चुकून १८१ झाला तर तिथे ७२४ येतात आणि सेकंदाला चार हेलकावे पडतात. ते थांबले की पंचम लागला. खर्ज १२० वर. त्याचा दुसरा स्वरांश २४०, तो जोडीशी जुळवायचा. आणि सगळे जुळले की खर्जातून न छेडलेला गंधार बोलू लागतो. तो खर्जाचा पाचवा स्वरांश, ६०० चा. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, आणि तो खरोखरच स्वयंभू आहे. आपण फक्त त्याच्या वाटेतले हेलकावे काढलेले असतात.

हेलकावे मोजून केवढे काम होते, याचे माझे आवडते उदाहरण तंबोऱ्याचे नाही, जर्मनीतले आहे. क्रेफेल्ड गावी योहान हाइनरिख शाइब्लर नावाचा रेशमाचा कारखानदार होता. सूर सेकंदाला किती वेळा कापतो हे मोजायला त्याच्यापाशी विजेचे यंत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने ५६ नादकाटे केले. प्रत्येक काटा आधीच्यापेक्षा असा चढा की दोघांत सेकंदाला चार हेलकावे पडावेत. आणि शेवटचा काटा पहिल्याचा बरोबर तार सप्तकातला जोडीदार, म्हणजे कंपांनी दुप्पट. आता गंमत पाहा. ५६ काट्यांमध्ये ५५ अंतरे, प्रत्येकी चार, एकूण २२०. पहिल्या आणि शेवटच्या काट्यातला फरक २२०. पण शेवटचा पहिल्याच्या दुप्पट आहे, म्हणजे हा फरक पहिल्या काट्याच्या कंपनसंख्येइतकाच असला पाहिजे. तेव्हा पहिला काटा २२० चा आणि शेवटचा ४४० चा. घड्याळ, कान आणि चिकाटी, एवढ्यावर त्याने निरपेक्ष कंपनसंख्या काढली. १८३४ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी श्टुटगार्टला जमलेल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या सूचनेवरून ४४० हा स्वर प्रमाण मानण्याची शिफारस केली. आज जगभर वाद्ये त्याच ४४० ला जुळवतात.

आता आपल्या घरातल्या पेटीकडे येऊ. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे. पट्टीचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. पेटी दुरुस्त करणारा कारागीर शेजारी दुसरा सूर धरून हेलकावे ऐकतच पट्टी घासतो. पण तो पट्ट्या कोणत्या हिशेबाने लावतो? युरोपातून आलेल्या रीतीप्रमाणे सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. षड्ज २४० धरला तर पेटीचा पंचम ३५९.६ येतो आणि शुद्ध पंचम ३६०. तंबोऱ्याबरोबर त्याचा हेलकावा सव्वा सेकंदाला एक, म्हणजे चालून जाण्यासारखा. गंधाराचे तसे नाही. पेटीचा गंधार ३०२.४ च्या आसपास, आणि स्वयंभू गंधाराच्या हिशेबाने हवा ३००. पेटीच्या गंधाराचा दुसरा स्वरांश जवळजवळ ६०५, खर्जातला गंधार ६००. सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे. यमन चालू असताना पेटीवर गंधार धरून ठेवा आणि मागे तंबोरा मोठा ठेवा. ज्याला "कान नाही" त्यालाही ती कुरकुर ऐकू येईल.

पेटीविषयी आपल्याकडे जे रण माजले त्याच्या मुळाशी ही कुरकुर होती. आकाशवाणीने १९४० च्या सुमारास पेटीला दारे बंद केली ती सुमारे तीन दशके. आणि त्याआधी, १९१६ साली, या आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या परिषदेत श्रुतींचा प्रश्न मोठ्या चर्चेचा होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी, आय. सी. एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स, यांनी तोवर बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली होती. देवलांनी तारेच्या लांबीवरून श्रुतींची मापे काढून १९१० साली इंग्रजीत पुस्तकही लिहिले होते. परिषदेत या पेटीवर आणि मापांवर वाद झाला, एकमत झाले नाही.

कोण जिंकले हा निवाडा मी करणार नाही. पण प्रश्न का अवघड होता हे हेलकाव्यांच्या भाषेत सांगता येते. समजा, पेटीच्या पट्ट्या २४० च्या षड्जासाठी अगदी शुद्ध लावल्या. ऋषभ २७०, धैवत ४००. आता दुसरा गायक आला आणि म्हणाला, माझा षड्ज तुमच्या ऋषभावर. त्याचा पंचम हवा ४०५. पेटीवर त्या जागी आहे ४००. त्याच्या षड्जाचा तिसरा स्वरांश ८१०, पेटीच्या पंचमाचा दुसरा ८००. सेकंदाला दहा हेलकावे. म्हणजे एका षड्जासाठी पेटी निर्दोष केली की दुसऱ्या षड्जाला ती बारा समान भागांच्या पेटीपेक्षाही वाईट वागते. बारा समान भाग ही एक तडजोड आहे. ती दोष नाहीसा करत नाही, सगळ्यांत वाटून देते. पट्ट्या वाढवल्या तर दोष कमी होतो, पण बोटांचे हाल वाढतात. यातून सुटका फक्त गळ्याची आणि सारंगीची, कारण त्यांना पट्ट्याच नाहीत.

हेलकावे फार जलद झाले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. सेकंदाला दहा-बारापर्यंत ते सुटे कळतात. पंधरा-वीसच्या पुढे ते मोजता येत नाहीत, सुरावर खरखर आल्यासारखे वाटते. अंतर आणखी वाढले की खरखर ओसरते आणि दोन स्वतंत्र स्वर ऐकू येतात. हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन वैद्याने आणि शास्त्रज्ञाने १८६३ साली आपल्या ग्रंथात मांडले की स्वरांचे विसंवाद म्हणजे मुख्यतः ही खरखर, आणि संवाद म्हणजे तिचा अभाव. षड्ज २४० आणि कोमल ऋषभ २५६ घ्या. फरक सोळाचा, म्हणजे नेमका खरखरीच्या उंबरठ्यावर.

पण इथेच मला थांबून एक कबुली द्यायची आहे. हेल्महोल्ट्झचा हिशेब पुरा मानला तर भैरवातला कोमल ऋषभ आपल्याला टाळावासा वाटला पाहिजे. प्रत्यक्षात आपण त्याच्यासाठी पहाटे उठून मैफलीला जातो. गायक त्या ऋषभाला षड्जाजवळ नेतो, आंदोलन देतो, ती घसट वाढवतो, कमी करतो, आणि शेवटी षड्जावर येऊन ती मिटवतो. घसट कुठून येते ते भौतिकशास्त्र सांगते. ती कधी हवी आणि किती वेळ हवी, हे राग सांगतो. हेलकावा म्हणजे बेसूरपणा नव्हे. हेलकावा म्हणजे अंतराची खूण; ते अंतर चुकून पडले की जाणून ठेवले, यावर बाकीचे ठरते.

म्हणून मोबाइलमधल्या सूर दाखवणाऱ्या काट्याबद्दल माझे मत असे आहे की तो जरूर वापरावा, पण त्याच्यावर थांबू नये. तो प्रत्येक तार वेगवेगळी मोजतो आणि बहुधा बारा समान भागांच्या हिशेबाने मोजतो. दोन तारा एकमेकींशी काय बोलतात ते तो सांगत नाही. ते ऐकायला दोन्ही तारा एकदम वाजाव्या लागतात आणि समोर माणूस असावा लागतो.

या शहरात १८८६ पासून गायनशाळा आहे. मौलाबक्षांच्या त्या शाळेपासून आजवर किती मुले शिकली असतील, आणि किती जणांना दुसऱ्याच महिन्यात घरी पाठवले गेले असेल? सगळेच गवई होणार नाहीत, हे खरे. गळा, तालीम, कल्पकता या गोष्टी हेलकावे मोजून येत नाहीत. पण "कान नाही" हा निकाल देण्याआधी त्या मुलासमोर दोन तारा वाजवून "हे फुगणे-ओसरणे ऐकू येते का? मग ते थांबव" एवढे एकदा सांगून पाहावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. बहुतेकांना ते ऐकू येते. मी शिकवलेल्या वर्गांत ते ऐकू न येणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला.

माझे बोलणे संपले. आभारप्रदर्शन होईपर्यंत मी जोडीची एक तार पुन्हा उतरवून ठेवतो. तंबोरा इथेच, व्यासपीठाच्या पायरीशी असेल. ज्यांना लावून पाहायचा आहे त्यांनी यावे. ज्यांना कोणी कधी "तुम्हाला कान नाही" असे सांगितले आहे, त्यांनी आधी यावे.